आवाज जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं

मौखिक इतिहासाचा संग्रह बघायला जाणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली. बघण्यासारखं तिथं फारसं काही नसतं. लोखंडी कपाटं, खोक्यांत उभ्या लावलेल्या टेपा, एकदोन संगणक, हेडफोन लावून बसलेलं कुणीतरी आणि एक कळकट वही. या सगळ्यात वहीच सर्वांत मोलाची, हे कळायला जरा वेळ लागतो. सोलापुरात पाहुणा आला तर त्याला भुईकोट किल्ला दाखवता येतो, सिद्धेश्वराचं तळं दाखवता येतं. आवाज असा दाखवता येत नाही. तो ऐकावा लागतो, आणि ऐकण्याआधी सापडावा लागतो. संग्रह ‘आधुनिक’ झाला असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे हे सापडणं सोपं झालेलं असतं. बाकी सगळी यंत्रं त्यासाठी.

महाराष्ट्रात या कामाचं ठळक उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचं आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात १९८० च्या दशकात हे काम सुरू केलं. प्वातव्हँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यालाच राहून गेलेले. मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांत गरिबांच्या संघटनेचं काम करताना ही दोघं ओव्यांकडे वळली. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बायकांपाशी बसून ओव्या हातानं लिहून घेतल्या. हळूहळू हा साठा लाखावर गेला. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींत मुरलेले अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. प्वातव्हँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून या ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, लोकांपुढे आणते आहे. राईरकरांबरोबर काम केलेले जितेंद्र मैड याही टप्प्यात सोबत राहिले. संग्रह एका संस्थेकडून दुसरीकडे जाताना सगळं ठाऊक असलेला असा एक तरी माणूस बरोबर जावा लागतो. नाहीतर वहीतल्या खुणा कुणाला लागत नाहीत.

सोलापूरकरानं या संग्रहात शिरायचं तर दार घरचंच आहे. पंढरपूर. कधी पंढरपूर पाहिलेल्या आणि कधी न पाहिलेल्या बायकांनीही विठ्ठलावर, रुक्मिणीवर, चंद्रभागेवर, वारीच्या वाटेवर भरभरून ओव्या घातल्या आहेत. संग्रहात प्रत्येक ओवीला विषयवार क्रमांक आहे: आधी एक इंग्रजी अक्षर, मग रोमन आकडा, मग पोटविभाग. पंढरपूरचा गट ‘बी’ अक्षराखाली सहाव्या क्रमांकावर येतो. सीतेचा वनवास वेगळ्या गटात, भाऊ-बहीण वेगळ्या, सासर वेगळ्या, बाबासाहेब आंबेडकर वेगळ्या. ही वर्गवारी यंत्रानं केलेली नाही. माणसांनी एकेक ओवी वाचून, ती कुठं बसते यावर वाद घालून केली आहे. रुक्मिणी विठ्ठलावर रुसली, अशी ओवी देवाच्या गटात घालायची की नवराबायकोच्या? मला विचाराल तर दोन्हीकडे. कागदाच्या फायलीत एक कागद एकाच जागी राहतो. संगणकावर तो दोन ठिकाणी दिसू शकतो, आणि माझ्या मते संगणकाचा यातला मोठा उपकार हाच.

आता टेपेकडे. ओव्यांचं ध्वनिमुद्रण डॅट या प्रकारच्या डिजिटल टेपवर झालं. ही सोनीनं १९८७ मध्ये आणली आणि २००५ मध्ये तिची यंत्रं बनवणं थांबवलं. टेप शाबूत, पण ती वाजवणारं यंत्र मिळेना, अशी गत. शिवाय साधी टेप खराब होते ती हळूहळू. आवाज दबतो, खरखर वाढते, तरी शब्द कळत राहतात. डॅट खराब झाली की मधला आवाजच गायब होतो, कधी टकटक ऐकू येते, कधी नुसती शांतता. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९-२० मध्ये जगभरातल्या संग्रहांना इशारा दिला होता की चुंबकीय टेपा नियमितपणे वाजवण्याची सोय साधारण २०२५ पर्यंतच उरेल. ते साल आता मागे पडलं.

आपल्याकडे घरोघर, कॉलेजांच्या कपाटांत, युनियनच्या कचेऱ्यांत जे पडलंय ते मात्र डॅट नाही. ती साधी कॅसेट. फिलिप्सनं १९६३ मध्ये काढलेली. तिची फीत चार मिलिमीटरलाही थोडी कमीच रुंद, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत त्यातल्या त्यात जाड, नव्वदची पातळ, एकशेवीसची इतकी पातळ की यंत्रात गुंडाळली जायला निमित्तच हवं असतं. लांब मुलाखत मध्ये न थांबवता व्हावी म्हणून लोक मुद्दाम नव्वदची किंवा एकशेवीसची घ्यायचे, त्यामुळे नेमक्या चांगल्या मुलाखती नाजूक फितीवर आहेत.

जुनी कॅसेट हाती आली तर ती लगेच वाजवायची नाही. आधी तिची मागची कड बघायची. दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते जागेवर असतील तर मोडून टाकायचे, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. किती आजोबांच्या आठवणींवर पुढं लग्नाची गाणी चढली असतील, त्याचा हिशेब कुणाकडे नाही. मग उघड्या बाजूच्या मध्यभागी बघायचं. तिथं तांब्याच्या बारीक पट्टीवर नमद्याचा एक चिमुकला तुकडा चिकटवलेला असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दूर कुठंतरी बोलल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात कॅसेट गेली. गेलेली नसते. दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत बदलून घातली की बोलायला लागते. फितीवर पांढुरकी बुरशी दिसली तर मात्र स्वतः हात लावू नये. ती एका यंत्रातून दुसऱ्या कॅसेटवर जाते.

त्यानंतर हेड. स्पिरिटच्या जातीच्या द्रावणानं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, कापूस लावलेल्या काडीनं ते पुसायचं. काडीवर तपकिरी डाग उतरतो, तो डाग म्हणजे फितीवरून झिजलेला लोहाचा थर. मग ‘हेड सेट करणं’, हे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला येत असे. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. मूळ यंत्राचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात हे आणलं नाही तर ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात. कान लावून स्क्रू केसभर फिरवत जायचं. एका जागी बोलणाऱ्याच्या दातांतली फट ऐकू यावी इतका आवाज उघडतो. तिथं थांबायचं. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येकीचं मूळ यंत्र वेगळं. ‘शंभर कॅसेटी आहेत, एका दिवसात पेनड्राइव्हवर करून द्या’ असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तासाची कॅसेट संगणकात उतरवायला तास लागतो, आणि तो तास कुणीतरी ऐकत बसावं लागतं.

संगणकात उतरतं म्हणजे काय होतं? आवाज ही हवेतली थरथर. संगणक तिची मापं घेतो, सेकंदाला हजारो. संग्रहासाठी चांगली मानली जाणारी पातळी म्हणजे सेकंदाला ९६,००० मापं आणि प्रत्येक माप २४ बिटांचं. डावा-उजवा असे दोन पट्टे धरले तर तासाला सुमारे दोन जीबी होतात. तोच तास फोनवर ऐकण्याजोग्या एमपीथ्रीत साठ एमबीच्या आत बसतो. म्हणून प्रती दोन: एक मोठी, जिला कुणी हात लावायचा नाही, आणि एक छोटी, ऐकणाऱ्यांसाठी. ओव्यांचं १२० तासांचं ध्वनिमुद्रण त्या वरच्या पातळीला ठेवलं तरी अडीचशे जीबीच्या आसपास होईल. बाजारात मिळणाऱ्या साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावेल. जागेचा प्रश्न आता उरलेलाच नाही.

मोठ्या प्रतीत आवाज ‘साफ’ करायचा नाही, हा नियम नवख्यांना पटत नाही. खरखर काढणारी चांगली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, मग का नाही वापरायची? ओवीच्या मागं जात्याची घरघर आहे. यंत्राच्या लेखी ती सतत चालणारी निरुपयोगी खरखर, पुसून टाकण्याजोगी. पण ओवीचा ताल तिच्यावरच बसलेला असतो. बाईचा श्वास कुठं तुटतो, दाणे टाकायला हात कुठं थांबतो, हे घरघरीतून कळतं. ती पुसली तर गाणं उरतं आणि दळण जातं. साफसूफ करायची ती छोट्या प्रतीत, आणि तशी नोंद करून.

यानंतरचं काम सगळ्यांत लांब, सगळ्यांत महाग, आणि त्यासाठी पैसे द्यायला कुणी तयार नसतं: ऐकून लिहिणं. तासाभराचं बोलणं नीट उतरवायला सरावलेल्या माणसालाही पाच-सहा तास सहज लागतात, आणि गलका असेल तर त्याहून जास्त. सोलापुरात तर विचारायलाच नको. इथं घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी आणि अक्कलकोटकडचा पाहुणा आला की कन्नड, असं बोलणारी माणसं आहेत. जुन्या मुलाखतीत एखादा गिरणी कामगार एका वाक्यात तीन भाषा ओलांडतो. तो ‘काय करायलास बे’ म्हणतो. लिहिणाऱ्यानं ते ‘काय करतोयस रे’ असं सुधारून ठेवलं की माणूस सोलापूरचा राहिलाच नाही. ‘साचा’ म्हटलं की त्याला माग म्हणायचा असतो, ‘बदली’ म्हटलं की रोज गेटवर उभं राहून काम मिळतंय का बघणारा कामगार. लिहिणारा परगावचा असेल तर त्याच्याशेजारी गिरणीत काम केलेला एखादा माणूस बसवावा लागतो. यंत्राकडून मराठी बोलणं लिहून घेण्याची सोय आता बरीच पुढं गेली आहे, ‘भाषिणी’सारखे सरकारी प्रयत्नही आहेत. कच्चा खर्डा म्हणून ती जरूर वापरावी. पण बातम्यांच्या मराठीवर शिकलेलं यंत्र सोलापुरी बोलणं आपणहून शुद्ध करून टाकतं, आणि चूक सुबक असल्यामुळे नजरेतून सुटते.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. नव्वदच्या दशकात संगणकावर जे मराठी टाइप झालं ते त्या त्या फाँटपुरतं. फाँट गेला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उरतो. ते सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं. बदलून देणारी साधनं आहेत, तरी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र आणि पहिली वेलांटी ही हमखास घसरण्याची ठिकाणं. वाचणाऱ्याला ती चूक क्षुल्लक वाटेल. शोधणाऱ्याला नाही. ‘वाऱ्यावर’ शोधलं आणि संग्रहात तो वेगळ्या चिन्हांनी लिहिलेला असला तर उत्तर येतं: काही सापडलं नाही. ओवी तिथंच असते.

ओवीच्या बाबतीत मजकूर आणि आवाज एकमेकांना बांधणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना बाई अर्धी ओळ परत घेते, मध्ये ‘बाई’, ‘सांगते तुला’ घालते, दुसरी एखादी तीच ओळ उचलून धरते. दोन ओळी टेपवर मिनिटभर चालू शकतात. म्हणून संग्रहाच्या नोंदीत ध्वनिमुद्रित ओवीच्या मजकुराजवळ टेपेचा क्रमांक आणि ती ओवी कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होते ते लिहिलेलं असतं. शिवाय गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. तीच ओवी दुसऱ्या गावात थोड्या फरकानं मिळाली तर तीही वेगळी नोंदायची. कुठली ‘खरी’ ते ठरवायच्या भानगडीत पडायचं नाही. अशा लाखभर नोंदी हातानं भरल्या गेल्या म्हणून आज एखादी अभ्यासक एका विषयावरच्या सगळ्या ओव्या काढून जिल्ह्यांची तुलना करू शकते, आणि एखादी नात आजीच्या गावाचं नाव टाकून बघू शकते. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये गायलेल्या आंबेडकरांवरच्या ओव्या वीस वर्षांनी महाराष्ट्रभर ऐकल्या गेल्या, त्या या नोंदींच्या बळावर. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबरांनीही ओव्या जमवल्या, छापल्या, आणि ते ऋण मोठं आहे. पण छापील पुस्तकात ओवी कुणाची ते बहुतेकदा हरवतं. इथं प्रत्येक ओवीपाशी एक बाई उभी आहे.

बाई उभी आहे म्हटलं की तिची परवानगी आली. सासू, दीर, नवरा यांच्याविषयी जात्यावर जे बोललं जातं ते पहाटेच्या अंधारात, दुसऱ्या बाईसमोर. १९८५ साली वहीत लिहून घेणाऱ्याला ‘घे लिहून’ म्हणणाऱ्या बाईनं सगळ्या जगाला परवानगी दिली असं धरता येत नाही. इंटरनेट तिच्या कल्पनेत नव्हतंच. ‘पारी’च्या मंडळींनी पुन्हा गावांत जाऊन गायिकांना शोधलं, काहींचं व्हिडिओ चित्रण केलं. त्यात काही भेटल्या, काही तोवर गेल्या होत्या. ही परत जाण्याची खटपट मला अख्ख्या आधुनिकीकरणातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी वाटते. आज नव्यानं कुणी मुलाखती घेणार असेल तर परवानगीच्या कागदावर वेगवेगळे पर्याय हवेत: नुसतं जपून ठेवा, अभ्यासकांना ऐकवा, नाव न देता सगळ्यांना ऐकवा, नावासकट ऐकवा. आणि तो कागद सोलापुरात तरी मराठीशिवाय तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावा, वाचून दाखवावा, आणि मन बदललं तर काय करायचं तेही त्यावर लिहिलेलं असावं.

जपणं ही एकदाची गोष्ट नाही. प्रती तीन, किमान दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा साधा नियम. २००० च्या आसपास ज्यांनी कॅसेटी सीडीवर उतरवून मूळ कॅसेटी टाकून दिल्या त्यांच्यातल्या अनेकांच्या सीडी आता वाचल्या जात नाहीत. म्हणून मूळ टेप कधीच टाकायची नाही. प्रत्येक फाइलचा एक आकडेमोडीनं काढलेला सांकेतिक क्रमांक असतो, बोटाच्या ठशासारखा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी तो वेगळा येतो. वर्षातून एकदा सगळ्या फाइलींचे ठसे जुळवून बघायचे, न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणायची. हे काम कंटाळवाणं आहे, आणि अनुदान संपलं की पहिलं हेच बंद पडतं.

सोलापुरात जमवण्यासारखं काय आहे, याची यादी करायची गरज नाही. १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज शंभरी केव्हाच ओलांडून गेला असता. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा आता मिळणार नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी चालू असताना पाहिलेली माणसंही फार उरलेली नाहीत. पण लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी गिरण्यांत राबलेली, बंद पडताना गेटवर उभी असलेली माणसं अजून आहेत. पूर्व भागात विड्या वळता वळता चार पोरं शिकवलेल्या बायका आहेत. मुंबईच्या गिरणगावाच्या वाट्याला मीना मेनन आणि नीरा आडारकर आल्या, त्यांनी कामगारांच्या मुलाखतींतून २००४ मध्ये मोठं पुस्तक उभं केलं. त्यामुळे तिथल्या चाळी पाडल्या गेल्या तरी त्यांतली माणसं बोलती राहिली.

सुरुवात करायला स्टुडिओ लागत नाही. साधा फोन पुरतो. मात्र त्यात रेकॉर्डिंगचा प्रकार एमपीथ्री न ठेवता डब्ल्यूएव्ही ठेवावा, फोन विमान मोडवर टाकावा आणि टेबलावर न ठेवता दुमडलेल्या रुमालावर ठेवावा, कारण टेबलावर कप आपटला तरी तो आवाज बोलण्याच्या वर चढतो. सुरू केल्यावर पहिल्यांदा आपणच बोलायचं: आजची तारीख, गाव, पेठ, कोण बोलणार आहे, कोण विचारणार आहे. फाइलचं नाव बदलेल, कागद हरवेल, हे बोलणं आवाजाला चिकटून राहील. घराला लागून यंत्रमाग चालत असेल तर बोलणं माग बंद असताना घ्यावं आणि मागाची खटखट निराळी पाच मिनिटं भरून ठेवावी, तीही पुढं कुणालातरी लागणार आहे. प्रश्न छोटे. मध्ये ‘हो हो’ म्हणत राहू नये, मान हलवावी. आणि पंखा बंद करावा, असं सगळी पुस्तकं सांगतात, पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी सोलापूरचा मे महिना काढलेला नसावा. पत्र्याच्या घरात ऐंशी वर्षांच्या माणसाला दुपारी पंख्याशिवाय बसवण्यापेक्षा मुलाखत सकाळी सातला घ्यावी, नाहीतर सरळ दिवाळीनंतर.